चारशे सावधान

फुकट मागण्याच्या बाबतीत माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात नाही, आणि जिल्ह्याबाहेर कुठे असलाच तर त्याने कृपा करून माझ्यासमोर येऊ नये, कारण असा एकच मला पुरून उरला आहे. बाकीचे लोक काही मागतात तेव्हा जरा घुटमळतात, इकडचं तिकडचं बोलतात, पाणी मागून घेतात. मामांचं तसं नाही. ते मागतात तेव्हा घुटमळायची वेळ देणाऱ्यावर येते. ते समोरच्याला अशा काही नजरेनं पाहतात की आपण इतकी वर्षं न मागता का दिलं नाही, याचीच आपल्याला लाज वाटू लागते. मी फोटोग्राफर आहे, जालन्यात माझा स्टुडिओ आहे, आणि लग्नाच्या मांडवात मी माणसांचे सगळे नमुने पाहिलेत. तरी मामांनी दर वेळी नव्यानं मला हादरवलं आहे.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीच्या तपासणी खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. ओल्या कागदावर बी मांडायचं, किती उगवलं ते मोजायचं आणि त्याचा फोटो काढून अहवालाला जोडायचा, हे त्यांचं काम. कोंबांचे फोटो काढता काढता त्यांना कॅमेऱ्याचं वेड लागलं. निवृत्तीनंतर लोक कुंड्यांना पाणी घालतात, तीर्थयात्रा करतात. मामांनी ‘प्रकाशबीज’ नावाचं त्रैमासिक काढलं. त्यात कथा नाही, कविता नाही, राशिभविष्य नाही. फक्त फोटो कसा काढावा याचे लेख, आणि तेही जिल्ह्यातल्या फोटोग्राफरांनी स्वतः लिहिलेले. लेखाबद्दल छदाम मिळणार नाही, हे मामा पहिल्या वाक्यातच सांगून टाकतात. ‘‘मानधनातला मान आमच्याकडं, धन तर तुमच्याकडं हायेच,’’ असं म्हणून ते लगेच बोटांवर फायदे मोजायला लागतात. लेखाखाली नाव, नावाखाली गाव, आणि बाजूला लेखकाचा फोटो. या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही सगळे अडकतो, कारण दुसऱ्यांचे फोटो काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाकडे स्वतःचा धड फोटो नसतो. पहिल्या दोन-तीन अंकांत सगळे लेखक आधार कार्डावरच्या चेहऱ्यानं छापले गेले आणि अंक चाळणाऱ्याला ही पोलिसांची यादी असावी असं वाटून गेलं.

अंक मामा स्वतः स्कूटरवरून वाटायचे. केशकर्तनालयं, दाताच्या डॉक्टरांचे बाक, राजूरच्या गणपतीपुढची प्रसादाची दुकानं, एमआयडीसीतल्या कँटीन, सगळीकडे तो पडलेला असायचा. छपाईचा खर्च निघतो जाहिरातींतून, आणि जुन्या ओळखीमुळे जाहिराती सगळ्या बी-बियाणं आणि खतवाल्यांच्या. केदारखेड्याच्या आमच्या एका मित्रानं नवीन ट्रॅक्टरच्या पूजेचा फोटो कसा काढावा यावर लेख लिहिला. तो मिरचीच्या रोपांच्या जाहिरातीला खेटून छापला गेला. महिनाभरात त्याला तीन फोन आले, आणि तिघांनीही रोपं कधी येणार तेवढंच विचारलं. तो बिचारा मामांकडे तक्रार घेऊन आला होता. मामा शांतपणे म्हणाले, ‘‘फोन तर आले ना? नाव झाल्याबिगर फोन येत असतो का?’’ आणि जाताना तो दुसऱ्या लेखाचं कबूल करून गेला.

मागायला मामांना स्थळकाळाचं भान नसतं. आमच्यातला एक जण लग्नात मागे सरकत फोटो काढताना स्टेजवरून पडला. मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो होतो. मामा केळी घेऊन आले. मला बरं वाटलं, म्हटलं माणूस तसा मायाळू आहे. केळी ठेवून त्यांनी पिशवीतून वही काढली आणि प्लॅस्टरमधल्या त्या पायाकडे पाहत म्हणाले, ‘‘पाय मोडलाय. हात तर बराबर हाये ना? मंग लिहून काढा, आता वेळच वेळ हाये.’’ मी अक्षरशः सर्द झालो. त्याहून सर्द झालो ते पुढच्या अंकात, कारण ‘स्टेजवर मागे सरकताना’ हा त्याचा लेख खरोखरच उत्तम होता. राजूरला अंगारकीच्या गर्दीत फोटो काढणाऱ्या एकानं ‘आत्ता वेळ नाही’ म्हटलं, तर मामा येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या मधोमध अंक हातात धरून उभे राहिले. चौथ्या कुटुंबापर्यंत त्यानं लेख कबूल केला. आधीच्या तीन कुटुंबांतल्या एकाने तरी तो फोटो घरात लावलेला असणार, आणि हे नक्की कुणाकडचे पाहुणे यावरून तिथे आजही वाद होत असणार.

माझा नंबर लागणार हे मला कळत होतं. पण माझी अडचण वेगळी होती. आमच्या धंद्यात प्रत्येकाची एखादी खुबी असते आणि ती तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. माझी खुबी म्हणजे अक्षतांचा फोटो. मंगलाष्टक संपतं, भटजी ‘सावधान’ म्हणतात, अक्षता पडतात. आणि माझ्या फोटोत प्रत्येक दाणा नवरा-नवरीच्या डोक्यावर हवेत सुटा सुटा थांबलेला दिसतो. लोक येऊन विचारतात, ‘‘ते तांदळाचा फोटो काढणारे तुम्हीच ना?’’ माझी सगळी लगीनसराई त्या एका फोटोवर उभी होती. त्यातलं इंगित अगदी साधं होतं. दिवा नवरा-नवरीच्या मागून ठेवायचा, आणि ‘सावधान’ ऐकू आल्यावर लगेच बटण दाबायचं नाही. अर्धा श्वास सोडायचा आणि मग दाबायचं. तेवढ्यात दाणे वर जातात आणि खाली येण्याआधी क्षणभर रेंगाळतात. हा अर्धा श्वास शोधायला मला सहा लगीनसराया लागल्या होत्या.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून तेहतीस अनारसे देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मामांनी मला बोलावलं. मामींनी औक्षण केलं, ताट पुढे आलं. तेहतीस अनारसे होतेच, आणि त्यांच्याखाली तेहतीस कोरे कागद होते.

‘‘जावईबापू,’’ मामा हात जोडून म्हणाले, ‘‘अक्षतांचं लिहा.’’

‘‘मामा, ते माझं पोट आहे.’’

‘‘पोट काय, पोट भरतंय. नाव व्हायला पाहिजे. बिलकुल अख्ख्या जिल्ह्यात नाव व्हईल.’’

मी बायकोकडे पाहिलं. ती अनारसे मोजण्यात गुंग होती. वाणाला नाही म्हणता येत नाही आणि मामेसासऱ्यांना तर येतच नाही. मी कागद घेऊन घरी आलो आणि माझ्या डोक्यात एक हलकट विचार आला. हलकट हाच शब्द, मी दुसरा शोधत बसत नाही. मी लेख लिहिला. दिवा कुठे, किती उंच, कॅमेऱ्याची मापं काय, सगळं खरं खरं. फक्त एक ओळ खोटी: ‘सावधान’ हा शब्द कानावर पडताक्षणी बटण दाबावे, जराही थांबू नये. तसं केलं तर फोटोत तांदूळ येतच नाहीत, नुसत्या मिटलेल्या मुठी येतात. लेखही दिला, खुबीही राखली, अशी स्वतःची पाठ थोपटत मी तो पाठवून दिला.

मी एक गोष्ट विसरलो होतो. मामा कोणताही लेख स्वतः तपासल्याशिवाय छापत नाहीत, आणि त्यांची तपासणी म्हणजे तपासणी खोलीतलीच. बियाण्याचे चारशे दाणे घेतात, शंभराचे चार भाग करून उगवायला ठेवतात. तसे मामा लेखाप्रमाणे चारशे फोटो काढायचे. आठवड्याभरानं त्यांच्या कॉलनीतलं एक गिऱ्हाईक स्टुडिओत आलं आणि म्हणालं, ‘‘तुमच्या मामांकडं कोणाचं लग्न हाये हो? चार दिवस झाले गच्चीवर सावधान सावधान चालून राह्यलंय. आम्ही आहेर घेऊन गेल्तो, तर तिथं कोणीच न्हाई.’’ मागाहून मामींकडून कळलं ते असं: दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एकीवर मामांचा कंपनीतला कोट, दुसरीवर मामींचा शालू. मामी स्वतःच सावधान म्हणायच्या आणि तांदूळ टाकायच्या. दिवसाला शंभर. ‘‘माझं सोताचं लग्न एकदाच लागल्तं,’’ मामी म्हणाल्या, ‘‘तवा बी यवढी दमले न्हवते.’’ त्या दिवशी मी गिऱ्हाइकासमोर पोट धरून हसलो होतो. आज ते हसणं आठवलं की कानशिलं तापतात.

त्यानंतर महिनाभर मामांचा फोन नाही. एका दुपारी ते स्वतः स्टुडिओत आले. स्कूटर नव्हती, रिक्षानं आले होते. कापडी पिशवीतून त्यांनी कॅमेरा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

‘‘हे ठिवा तुमच्याकडं. माझ्या कामाचा न्हाई राह्यला आता.’’

‘‘काय झालं मामा?’’

‘‘चारशे काढले. चारशेच्या चारशे मुठी. एक दाणा मुठीबाहेर न्हाई.’’ त्यांनी उजवा हात पुढे धरला आणि त्याच्याकडे पाहू लागले. ‘‘बोट घाई करून राह्यलंय. कान आन् बोट जुळत न्हाई. कळलंच न्हाई मला कधीपासून असं व्हायलंय ते.’’

मी कसंबसं म्हणालो, ‘‘मामा, लेखातच काही चुकलं असेल.’’

‘‘छ्या!’’ ते एकदम ताठ झाले. ‘‘बी उगवलं न्हाई तर आधी पाणी बघायचं, मंग कागद बघायचा, मंग आपला हात बघायचा. बियाण्याला खोटं म्हणायचं सगळ्यात शेवटी. जिंदगीभर हेच केलं मी. पाणी बराबर, कागद बराबर. राह्यला हात.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘अंक बंद करतोय. ज्याच्या हातानं तपासणी व्हत न्हाई, त्यानं काय म्हणून छापायचं?’’

ते माझा नमस्कारही न घेता निघाले. आणि मी? चार शब्द बोलायचे होते, तेवढीही हिंमत झाली नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत आठ दिवस काढले. कॅमेरा टेबलावर होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसत होतो.

आठव्या दिवशी मामींचा फोन आला. मामा आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, दाढी करायला सलूनमध्ये जातात, स्कूटरची किल्ली शेजाऱ्याला देऊन टाकली. हे सगळं मी ऐकून घेतलं. मग मामी म्हणाल्या, ‘‘जावईबापू, हे कोणालाच काही मागत न्हाईत हो. काल भाजी घेतली, कोथिंबीर बी मागितली न्हाई फुकट. मला भ्या वाटून राह्यलंय.’’ हे ऐकून मात्र मी खरोखर घाबरलो. मामांनी मागणं सोडलं होतं. मी स्टुडिओचं शटर ओढलं, कॅमेरा घेतला आणि थेट त्यांच्या घरी गेलो.

मामा पलंगावर बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ‘‘मामा, मी लेखात खोटं लिहिलं. मुद्दाम लिहिलं. सावधान झाल्यावर अर्धा श्वास थांबायचं असतं. तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही.’’

मला वाटलं होतं, ते ओरडतील. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, ‘‘मला बरं वाटावं म्हणून म्हणून राह्यले ना? कळतंय मला.’’

माझं खरं बोलणं पटवून घ्यायला तयार नाही असा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी मी त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं, मामींनी डबाभर तांदूळ आणले, खुर्च्यांवर पुन्हा कोट आणि शालू मांडले, दिवा लावला. मामी म्हणाल्या सावधान. मी मामांच्या कानाशी पुटपुटलो, ‘‘श्वास सोडा... आता.’’ मामांनी बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे पाहिलं. शालू-कोटाच्या वर दाणा न् दाणा हवेत उभा होता. ते बराच वेळ तसेच वाकून पाहत राहिले. त्यांचा चष्मा ओला झाला होता, तो त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाले, ‘‘एकाचं काय सांगता? चारशे काढा.’’

आम्ही चारशे काढले. दोन दिवस लागले. मामींच्या मदतीला शेजारच्या दोघीजणी आल्या, तिसऱ्या शंभरापासून त्या मंगलाष्टकंही म्हणू लागल्या. तीनशे अडुसष्ट बरोबर आले. ‘‘ब्याण्णव टक्के उगवण,’’ मामा म्हणाले आणि त्यांनी आपल्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, मिटली. मग माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली.

‘‘जावईबापू, बोगस बियाणं इकणाऱ्याला आमच्या धंद्यात माफी न्हाई.’’

‘‘हो मामा.’’

‘‘पर तुम्ही इकलं कुठं? फुकटच दिलं.’’ आणि ते असे हसले की मला रडू आवरेना. ‘‘आता खरं लिहून द्या. उद्याच्याला. जल्दी.’’

मी त्याच दिवशी लिहून दिलं. अंक निघाला. माझा लेख सोयाबीनच्या बियाण्याशेजारी आला आणि त्याबद्दल मला दोन फोनही आले. आता जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांत तांदूळ हवेत थांबतात. माझ्याकडे कुणी खास त्या फोटोसाठी येत नाही. पहिल्या लगीनसराईत हे फार झोंबलं, दुसऱ्या वेळी कमी, आणि आता केदारखेड्याच्या मित्राचा अक्षतांचा फोटो पाहून मीच त्याला अर्ध्या श्वासाचा पाव श्वास कधी करायचा ते सांगतो.

हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली. मामा आता खूप थकले आहेत. त्यांचा हात आता खरोखर कापतो. तो आता थांबणार नाही, असं डॉक्टरांनी मामींना आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. तरी तपासणी चालू आहे. चारशे जमत नाहीत म्हणून चाळीस काढतात, आणि ते हललेले येतात. एवढाच फरक झाला की आता ते स्वतःच्या हाताकडे पाहत नाहीत, लेखकाला फोन करतात. केदारखेड्याचा मित्र एकदा तावातावानं माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘माझा लेख बिलकुल बराबर हाये, तरी मामा म्हणून राह्यले, चुकला.’’ मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. मग तिथूनच त्यानं मामांना फोन लावला आणि म्हणाला, ‘‘व्हय मामा, एक ओळ लिहायची राहूनच गेल्ती.’’ ती ओळ होती: कॅमेरा स्टँडवर ठेवावा. तेव्हापासून ‘प्रकाशबीज’च्या प्रत्येक लेखात, मग तो लग्नाचा असो की पासपोर्टच्या फोटोचा, ही एक ओळ असते. आम्ही कुणी कुणाला सांगितलेलं नाही, पण जिल्ह्यातले सगळे ती लिहितात.

गेल्या आठवड्यात मामांचा मला फोन आला. दिव्याच्या उजेडात चेहरा कसा टिपावा यावर मी लिहिलं होतं, स्टँडची ओळही घातली होती. त्यांचा आवाज दमलेला होता.

‘‘जावईबापू, स्टँड लावला, तरी हलून राह्यलंय. लेखात काहीतरी चुकलंय बघा तुमच्याकडून.’’

‘‘हो मामा,’’ मी म्हणालो, ‘‘चूक माझीच आहे.’’

‘‘मला वाटलंच. हात तर बराबर हाये माझा.’’ ते मोकळे झाल्यासारखे वाटले. ‘‘मंग दुरुस्ती कधी देता?’’

‘‘आज संध्याकाळपर्यंत देतो.’’

फोन ठेवला, आपला लेख काढला आणि जिथे एकही चूक नव्हती अशा त्या लेखात ती शोधत बसलो.